अवरक्त फोटोमीटरचा आराखडा: डिटेक्टर शेवटी निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत एमएस्सी करणाऱ्या एका विद्यार्थिनीला प्रकल्प म्हणून अवकाश दुर्बिणीसाठी अवरक्त (इन्फ्रारेड) फोटोमीटरचा आराखडा करायचा आहे. दुर्बीण नासाच्या स्पिट्झर अवकाश दुर्बिणीएवढी, म्हणजे ८५ सेंटिमीटरची. तरंगलांबीचे पट्टे तीन: २४, ७० आणि १६० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिने डिटेक्टरांचे तक्ते जमवलेत आणि विचारलंय की यातला कोणता घ्यावा, दुर्बीण पाच-साडेपाच केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६८ अंश सेल्सिअसच्या आसपास, थंड करायचा एवढा आटापिटा खरंच लागतो का, आणि इथे मुंबईत बसून यातलं काही स्वतःच्या हातांनी करून बघता येईल का.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, फक्त क्रम उलटसुलट करून. डिटेक्टरचे तक्ते तूर्त बाजूला ठेवा. अवरक्त उपकरणांवर काम करताना मी जे आराखडे डिटेक्टरपासून सुरू झालेले पाहिले, त्यांना नंतर मुळापासून हात घालावा लागला. सुरुवात करायची ती नको असलेल्या उजेडापासून. फोटोमीटरचं काम ताऱ्याकडून किती ऊर्जा येते ते आकड्यात सांगण्याचं. आणि अवरक्तात अडचण अशी की तारा सोडून बाकी सगळंच उजळ असतं. आरसा उजळ, त्याला धरणारी चौकट उजळ, फिल्टर उजळ, केबल उजळ. वीनच्या नियमाने ३०० केल्विनची कुठलीही वस्तू १० मायक्रॉनच्या आसपास सर्वात जास्त प्रकाशते. तेव्हा पहिला प्रश्न हा, की तारा नसताना डिटेक्टरवर किती फोटॉन पडणार?

गणित करूनच बघू, कारण हे आकडे एकदा हातून गेले की पुढचं आपोआप सुचतं. २४ मायक्रॉनचा पट्टा घ्या, रुंदी ४.७ मायक्रॉन. दुय्यम आरशाची सावली वगैरे वजा जाता प्रकाश गोळा करणारं क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस मीटर राहतं. तारा एक मिलिजान्स्कीचा धरा. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १० चा उणे २६वा घात वॅट. मिलिजान्स्की त्याचा हजारावा भाग. या ताऱ्याकडून दुर्बिणीत येणारी शक्ती निघते १.२ गुणिले १० चा उणे १७वा घात वॅट, आणि २४ मायक्रॉनच्या एका फोटॉनच्या ऊर्जेने भागलं की सेकंदाला सुमारे दीड हजार फोटॉन.

आता आकाश. अवकाशात गेलं तरी आकाश काळं मिळत नाही, कारण सूर्यमालेतली धूळ तापून प्रकाशत असते. हाच राशिप्रकाशाचा अवरक्त भाग. बऱ्यापैकी अंधाऱ्या दिशेला तो २४ मायक्रॉनला २० ते २५ मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन असतो (स्टेरेडियन हे आकाशाच्या तुकड्याचं, म्हणजे घनकोनाचं, एकक). विवर्तनामुळे तारा सुमारे सहा कोनीय सेकंदांचा ठिपका होतो (कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग); अडीच सेकंदांचे पिक्सेल घेतले तर तो मोजायला वीसेक पिक्सेल लागतात. या वीस पिक्सेलांवर आकाशाचे फोटॉन पडतात सेकंदाला लाखाच्या वर. म्हणजे उत्तमात उत्तम परिस्थितीत, आरसा अगदी थंडगार असताना, ताऱ्याचा वाटा आहे एक-दीड टक्का. दहा सेकंद टिपलं आणि पाच फोटॉनांतला एक नोंदला गेला असं धरलं, तर ताऱ्याचे तीन हजार इलेक्ट्रॉन, आकाशाचे सव्वादोन लाख. त्यांचं वर्गमूळ, म्हणजे मोजणीतला आपोआपचा चढउतार किंवा नॉईज, पावणेपाचशेच्या आसपास. तारा नॉईजच्या सहापट दिसला. छान मोजमाप झालं.

हीच दुर्बीण खोलीच्या तापमानाला ठेवा, आरशांची उत्सर्जकता, म्हणजे पूर्ण काळ्या वस्तूच्या मानाने स्वतः प्रकाशण्याचं प्रमाण, पाच टक्के धरा. त्या आरशांचा स्वतःचा उजेड निघतो राशिप्रकाशाच्या नऊ लाख पट. नॉईज साडेनऊशे पट वाढला. तोच तारा तेवढ्याच खात्रीने मोजायला वेळ लागेल नऊ लाख पट, म्हणजे दहा सेकंदांचं काम साडेतीन महिने सलग. तेही डिटेक्टर त्या उजेडात पहिल्याच क्षणी भरून संपृक्त झाला नाही असं गृहीत धरून, आणि तो होणारच. डिटेक्टर कितीही चांगला घेतला तरी या हिशेबातला एकही आकडा सुधारत नाही. म्हणून म्हणतो, तक्ते बाजूला ठेवा.

"पण पाच केल्विनच का, दहा का नको?" याचं उत्तर १६० मायक्रॉनच्या पट्ट्यात आहे. कोणत्या तापमानाला कोणत्या तरंगलांबीचा किती उजेड निघतो हे सांगणाऱ्या प्लँकच्या सूत्रात १६० मायक्रॉन आणि ५.५ केल्विन घाला, मग १६० मायक्रॉन आणि १० केल्विन घाला. दोन उत्तरांत दीड हजार पटींहून अधिक फरक येतो. उत्सर्जकता दोन टक्के धरली तर ५.५ केल्विनला आरशाचा उजेड साधारण ०.०१५ मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन, आकाशाच्या तुलनेत कुठल्या कुठे. १० केल्विनला तोच २४ वर जातो, आणि या तरंगलांबीला आकाशाच्या अंधाऱ्या भागांची चमक जेमतेम काही मेगाजान्स्की प्रति स्टेरेडियन असते. साडेचार अंशांच्या फरकाने आरसा आकाशापेक्षा उजळ झाला. २४ मायक्रॉनला मात्र १० केल्विनचा आरसा पूर्ण अंधारा असतो, तिथे काहीही बिघडत नाही. तेव्हा दुर्बिणीचं तापमान ठरवतो तुमचा सर्वात लांब तरंगलांबीचा पट्टा. १६० मायक्रॉन सोडून दिलात तर सगळा आराखडा सैल होतो. ठेवलात तर प्रत्येक मिलिवॅटचा हिशेब द्यावा लागतो.

तो हिशेबही करा. दुर्बीण थंड ठेवतं ते हळूहळू उडून जाणारं द्रव हेलियम. अतिप्रवाही (सुपरफ्लुइड) हेलियम १.४ केल्विनच्या आसपास असताना एक लिटर उडवायला साधारण ३.३ किलोजूल लागतात. एक मिलिवॅट उष्णता वर्षभर आत शिरत राहिली तर ३१.५ किलोजूल होतात, म्हणजे साडेनऊ लिटर हेलियम गेलं. स्पिट्झरकडे ३६० लिटर होतं. ऑगस्ट २००३ मध्ये उड्डाण, १५ मे २००९ ला हेलियम संपलं. भागाकार केला तर सरासरी निघते सहा ते सात मिलिवॅट. अख्ख्या वेधशाळेचं थंड आयुष्य एवढ्याशा उष्णतेवर चाललं होतं. त्यातही युक्ती अशी की १६० मायक्रॉनची निरीक्षणं एकत्र करून घेत आणि तेवढ्यापुरता आरसा सर्वात थंड ठेवत. बाकीच्या काळात तो थोडा गरम होऊ देत आणि हेलियम वाचवत. उपकरणाची रचना आणि निरीक्षणांचं वेळापत्रक या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हे तुमच्या अहवालात आवर्जून दिसू द्या.

आता ०.१ मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांबीची एकच तांब्याची तार घ्या. एक टोक ३०० केल्विनला, दुसरं हेलियमच्या टाकीला, मध्ये कुठेही बांधलेली नाही. ही एकटी तार सव्वा मिलिवॅट आत आणते. वर्षाला बारा लिटर हेलियम एका तारेपायी! पिक्सेल हजारो असतील तर तारांचा जुडगा केवढा होईल याचा विचार करा. म्हणून तिथे मँगनीन या मिश्रधातूच्या किंवा स्टीलच्या तारा वापरतात, ज्या चाळीस-पन्नास पट कमी उष्णता वाहतात. म्हणून तारा जाता जाता मधल्या प्रत्येक थंड टप्प्याला चिकटवतात. आणि म्हणूनच सिग्नल आतच, थंडीतच, मल्टिप्लेक्स करून, म्हणजे अनेक पिक्सेलांचे सिग्नल आळीपाळीने एकाच तारेवर पाठवून, मोजक्या तारांवरून बाहेर आणतात. मात्र तारांना फक्त उष्णतेच्या हिशेबात धरू नका. स्पिट्झरच्या फोटोमीटरमध्ये, म्हणजे मिप्समध्ये, ७० मायक्रॉनच्या डिटेक्टरची अर्धी बाजू अवकाशात गेल्यावर फार नॉईज देऊ लागली. दोष डिटेक्टरमध्ये नव्हता, उपकरणाबाहेरच्या केबलमध्ये होता.

टाकी मोठी केली की प्रश्न सुटला असं वाटतं, पण स्पिट्झरचा इतिहास नेमका उलटा आहे. सुरुवातीच्या एका आराखड्यात ३,८०० लिटर हेलियम होतं, कारण दुर्बीण ड्युअरच्या, म्हणजे थर्मॉससारख्या निर्वात भिंतींच्या टाकीच्या, आत बसवून थंडच उडवायची कल्पना होती. शेवटी दुर्बीण टाकीच्या बाहेर ठेवून खोलीच्या तापमानालाच उडवली, पृथ्वीपासून दूर, सूर्याभोवतीच्या कक्षेत पाठवली, सावलीतल्या बाजूने अवकाशात उष्णता फेकून आपोआप थंड होऊ दिली आणि उरलेलं काम उडणाऱ्या हेलियमच्या वाफेकडून करून घेतलं. द्रव हेलियम उडताना जेवढी उष्णता घेतं, त्याच्या कितीतरी पट ती थंड वाफ गरम होताना घेते. ४ केल्विनपासून ३०० पर्यंत धरलं तर सत्तरेक पट. ही वाफ फुकट सोडणारा आराखडा मी तरी मंजूर करणार नाही.

आता फिल्टर. विद्यार्थी इथे सर्वात कमी वेळ देतात आणि खरं तर सगळ्यात जास्त द्यायला हवा. कॅटलॉगमधला आलेख पाहून पट्टा ठरवतात, पट्ट्याच्या आत किती प्रकाश जातो ते पाहतात आणि पुढे सरकतात. पट्ट्याच्या बाहेर किती जातो ते पाहायचं राहून जातं. १०,००० केल्विनचा तारा घ्या. त्याची दीड मायक्रॉनजवळची ऊर्जा १६० मायक्रॉनजवळच्या ऊर्जेच्या कित्येक लाख पट असते. तुम्हाला एक टक्का अचूकता हवी असेल, तर तो दीड मायक्रॉनचा उजेड कोटींत एक भागापेक्षा कमी आत आला पाहिजे. भर म्हणजे गॅलियम मिसळलेलं जर्मेनियम दूर अवरक्तात वापरतात ते गॅलियममुळे. पण त्यातलं जर्मेनियम स्वतः १.८ मायक्रॉनपेक्षा लहान तरंगलांबीला उत्तम प्रतिसाद देतं. म्हणजे आत आलेला चोरटा प्रकाश डिटेक्टर इमानेइतबारे मोजतो आणि तुम्हाला सिग्नल म्हणून दाखवतो.

मिप्सच्या १६० मायक्रॉन पट्ट्यात हेच झालं. निकट अवरक्ताची, म्हणजे दृश्य प्रकाशाला लागून असलेल्या आखूड तरंगलांबीच्या उजेडाची, गळती होती आणि ताऱ्यांच्या बाबतीत ती खऱ्या सिग्नलवर मात करत होती. थंड धूळ, आकाशगंगा, लघुग्रह यांच्यासाठी काही अडलं नाही, कारण त्यांच्यापाशी तसा निकट अवरक्त उजेडच तुलनेत नसतो. पण कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या स्रोतावर उपकरणाचं माप पक्कं करणं, ताऱ्यांवर करायचं म्हटलं तर पट्टा निकामी. तेव्हा १६० मायक्रॉनचं कॅलिब्रेशन लघुग्रहांवर केलं गेलं: २४ आणि ७० मायक्रॉनचे पट्टे आधी ताऱ्यांवर पक्के करायचे, मग लघुग्रह तिन्ही पट्ट्यांत मोजून ते माप १६० पर्यंत न्यायचं. फार सुंदर काम आहे ते. मुळात गळती प्रयोगशाळेत शोधायची रीत साधी आहे. साध्या काचेतून निकट अवरक्त जातं आणि दूर अवरक्त अजिबात जात नाही. डिटेक्टरपुढे तुमचे सगळे फिल्टर लावा, त्यांच्यापुढे काच धरा आणि तापलेला दिवा दाखवा. सिग्नल शून्यावर आला पाहिजे. आला नाही तर जे उरलं ती तुमची गळती.

फिल्टरइतकाच त्रास डिटेक्टर ज्यात बसवतात त्या खोक्याच्या फटींचा होतो. थंड खोक्यात हवा काढायला भोक ठेवावं लागतं, तारा आत न्याव्या लागतात, झाकणाला स्क्रू असतात. आमच्याकडे ही भोकं कधीच सरळ पाडत नाहीत. आत दोन वळणांचा बोळ करून त्याच्या भिंतींना काळा लेप देतात, म्हणजे हवा जाते आणि उजेड वळणावर मरतो. मग डिटेक्टरचं तोंड धातूच्या झाकणाने पूर्ण बंद करायचं, हेलियम भरायचं, आणि बाहेर खिडकीपुढे तापलेली वस्तू आणायची-न्यायची. तोंड बंद असूनही सिग्नल नोंदवणाऱ्या पेनची रेघ हलली, की कुठेतरी फट आहे. पुष्कळदा ती एखाद्या स्क्रूखाली सापडते. आतला प्रवर्धकसुद्धा (ॲम्प्लिफायर) तपासा: त्यातले सिलिकॉनचे जेएफईटी जातीचे ट्रान्झिस्टर ५०-६० केल्विनच्या खाली गोठतात, म्हणून त्यांना मुद्दाम गरम ठेवावं लागतं, आणि १.४ केल्विनच्या खोक्यात ६०-७० केल्विनची वस्तू म्हणजे दिवाच. त्याला स्वतःचं वेगळं बंद घर लागतं.

यांत्रिक भागाबद्दल एवढंच सांगतो की खोलीच्या तापमानापासून ४ केल्विनपर्यंत ॲल्युमिनियम दर मीटरला ४ मिलिमीटरच्या वर आकसतं आणि सिलिकॉन जवळजवळ आकसत नाही. आरसे आणि त्यांची बैठक एकाच धातूची करा, म्हणजे सगळं एका प्रमाणात लहान होईल आणि फोकस टिकेल. डिटेक्टरच्या चिपला मात्र लवचीक पायांवर बसवा.

एवढं झालं की डिटेक्टर जवळजवळ आपोआप ठरतात. २४ मायक्रॉनला आर्सेनिक मिसळलेलं सिलिकॉन. ते २८ मायक्रॉनपर्यंत चालतं, वागायला सरळ आहे, आणि जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या मिरी या उपकरणातही तेच आहे. मिप्समध्ये त्याचे १२८ गुणिले १२८ पिक्सेल होते. ७० ला गॅलियम मिसळलेलं जर्मेनियम, ३२ गुणिले ३२. त्याची मर्यादा ११५-१२० मायक्रॉनच्या आसपास, म्हणून १६० साठी तोच स्फटिक शिकंज्यात धरून दाबतात. दाबाखाली इलेक्ट्रॉनांच्या पातळ्यांमधलं अंतर कमी होतं आणि प्रतिसाद २०० मायक्रॉनपर्यंत पोचतो. प्रत्येक स्फटिकाला असा शिकंजा द्यायचा म्हणजे पिक्सेलांची गर्दी करता येत नाही. मिप्समध्ये ते २ गुणिले २० एवढेच होते.

जर्मेनियमचा स्वभाव समजून घ्या, नाहीतर सगळी मापं चुकतील. उजेड कमी असला की हा डिटेक्टर आळसावतो. उजेड पडला की थोडा प्रतिसाद लगेच देतो आणि उरलेला मिनिटामिनिटांनी, हळूहळू. वरून वैश्विक किरण आदळले की त्याची संवेदनशीलता वाढत जाते, म्हणजे सकाळी मोजलेला तारा संध्याकाळी जास्त तेजस्वी दिसतो आणि तारा तर तोच आहे. यावर मिप्समध्ये तीन उपाय केले होते. एक लहानसा आरसा हलवून ताऱ्याची प्रतिमा डिटेक्टरवर सतत इकडून तिकडे नेत, म्हणजे फक्त चपळ प्रतिसादच मोजला जाई. दर दोनेक मिनिटांनी उपकरणातलाच छोटा उष्ण स्रोत उजळवत आणि त्या झळकीच्या मानाने सगळं मोजत. आणि काही तासांनी डिटेक्टर किंचित तापवून त्याची स्मृती पुसून टाकत. तो हलता आरसा आणखी एका कामाचा: दुर्बीण आकाशावरून सरकत असताना आरसा उलट्या दिशेला फिरवला की प्रत्येक चित्रापुरतं आकाश स्थिर दिसतं, आणि मोठाले नकाशे भराभर होतात.

जर्मेनियम नको असेल तर बोलोमीटर, म्हणजे पडलेल्या प्रकाशाने किती तापलो ते मोजणारे डिटेक्टर, आहेत, पण त्यांना ०.३ केल्विन किंवा त्याहून खाली न्यावं लागतं. हा मार्ग आपल्या शहराला नवा नाही. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) बांधलेली १०० सेंटिमीटरची दूर अवरक्त दुर्बीण हैदराबादहून बलूनने तीसेक किलोमीटर उंचीवर जात असे. तिच्या फोटोमीटरमध्ये ०.३ केल्विनला थंड केलेले बारा बोलोमीटर होते आणि १३० व २०० मायक्रॉनचे दोन पट्टे एकाच वेळी टिपले जात. बलूनवरच्या दुर्बिणीचा आरसा थंड करता येत नाही. त्यामुळे वर केलेल्या हिशेबातला तो प्रचंड उजेड तिथे कायम असतो. उपाय म्हणजे दुय्यम आरसा सेकंदाला दहा वेळा हलवून आळीपाळीने तारा असलेलं आणि नसलेलं आकाश पाहायचं. तान्ह्या बाळाचं वजन करायला आईला बाळासकट काट्यावर उभं करतात, मग एकटीला, तसंच. वजाबाकीत आई निघून जाते. पण आईच्या वजनातली चूक बाळाच्या वजनात उतरते, म्हणून बलूनवरून ताऱ्यांच्या जन्मस्थानांसारख्या दणदणीत तेजस्वी गोष्टीच मोजता येतात. आपल्याकडे अशा प्रदेशांचे नकाशे याच दुर्बिणीने झाले, आणि तुम्ही प्रकल्पासाठी त्या निबंधांमधली उपकरणाची वर्णनं जरूर वाचा. एका पानावर अख्ख्या उपकरणाचा हिशेब कसा मांडावा ते तिथे शिकायला मिळतं.

तुमच्या आराखड्यात मी जर्मेनियमच ठेवेन. आजच्या नव्या उपकरणासाठी कदाचित ठेवणार नाही, कारण ०.१ केल्विनपर्यंत जाणारे शीतक आता अवकाशात सिद्ध झाले आहेत. पण तुम्हाला आपलं गणित कशाशी तरी ताडून बघायचंय, आणि मिप्सचा सगळा डेटा खुला आहे. तुमच्या हिशेबातला नॉईज आणि खऱ्या चित्रातला नॉईज शेजारी शेजारी ठेवता येतील. हा फायदा मोठा आहे.

कॅलिब्रेशनचं प्रकरण अहवालाच्या शेवटी जोडू नका, पहिल्या पानापासून येऊ द्या. कोणते तारे, त्यांची तेजस्विता आपल्याला कशी माहीत, पट्टा रुंद असल्यामुळे निळ्या ताऱ्याला आणि थंड धुळीला वेगळी दुरुस्ती कशी लावणार, हे सगळं आराखड्यातच ठरतं. प्रमाण म्हणून घेतलेला तारासुद्धा तपासल्याशिवाय घ्यायचा नसतो. १९८३ मध्ये आयरास या अवरक्त दुर्बीण असलेल्या उपग्रहाने कॅलिब्रेशनसाठी अभिजित तारा मोजला. साध्यासुध्या ताऱ्याकडून अपेक्षित होती त्यापेक्षा ६० आणि १०० मायक्रॉनला त्याची तेजस्विता कितीतरी जास्त निघाली. उपकरण बिघडलंय असं म्हणून तो आकडा झाकता आला असता. पण मोजणाऱ्यांचा आपल्या फोटोमीटरवर भरवसा होता, कारण बाकीचे तारे जुळत होते. आणि त्यातून ताऱ्याभोवतीची धुळीची तबकडी पहिल्यांदा सापडली. चांगला फोटोमीटर असा असतो.

शेवटचा प्रश्न, मुंबईत काय करता येईल. हेलियम आणि ड्युअर लागणाऱ्या गोष्टींसाठी तुम्हाला एखाद्या संशोधन संस्थेतल्या प्रयोगशाळेचा आधार घ्यावा लागेल. तिथे जाल तेव्हा पावसाळा टाळा. जुलैत इथली हवा इतकी ओली असते की उघडा ड्युअर तासाभरात ओल पिऊन बसतो. इन्सुलेशनच्या थरांमध्ये शिरलेलं पाणी पंपाने बाहेर काढायला दिवसच्या दिवस जातात, आणि खिडकीवर दव धरलं की १० मायक्रॉनजवळची सगळी मापं वाया. आम्ही त्या महिन्यांत ड्युअर उघडायचं काम शक्यतो काढतच नाही, आणि काढलं तर कोरडा नायट्रोजन सतत सोडून.

घरी मात्र एक खरा अवरक्त फोटोमीटर करता येतो, आणि तो तुम्ही करावाच. लॅमिंग्टन रोडवर हालचाल ओळखणारे पायरोइलेक्ट्रिक सेन्सर सहज मिळतात. त्यांचा पट्टा साधारण ५ ते १४ मायक्रॉन. पुढचं दुधी प्लास्टिकचं भिंग काढून टाका. हा सेन्सर फक्त बदलाला प्रतिसाद देतो, म्हणून त्याच्यापुढे पुठ्ठ्याची पाती सावकाश फिरवा, सेकंदाला एकदा. पात्याची जागा सांगणारा एक सिग्नल वेगळा घ्या आणि संगणकात त्याच्या तालावर गुणाकार करून सरासरी काढा. चहाचा गरम कप ठेवा, सिग्नल येईल. मग कपाच्या जागी बर्फाचं भांडं ठेवा. सिग्नल पुन्हा येईल, पण उलट्या कलेचा, म्हणजे उणे चिन्हाचा. कारण तुमचं पातंच ३०-३२ अंश सेल्सिअसला प्रकाशतंय आणि तुम्ही कायम पात्यापासूनचा फरक मोजताय. मग कपाचं तापमान थर्मामीटरने घेत घेत, तो निवत असताना दर मिनिटाला सिग्नल नोंदवा. बर्फाचं वाचनही त्याच आलेखावर मांडा. आलेखाने शून्याला छेद दिला पाहिजे, आणि तो छेद पात्याच्या तापमानाला आला पाहिजे. नाही आला तर कुठून तरी नको तो उजेड येतोय. बहुतेक वेळा सेन्सरच्या आजूबाजूचं खोकं, किंवा तुमचाच हात. ते शोधून झाल्यावर विजेचा तापतंतूचा बल्ब लावा, मध्ये काच धरा आणि गळती मोजा. काच स्वतः तापून प्रकाशायला लागायच्या आत, पहिल्या काही सेकंदांतच, वाचन घ्या.